खाली नाव कुणाचं

पाडव्याच्या सकाळी आईनं नानांना ओवाळलं, तबक खाली ठेवलं आणि तेवढ्यात फाटक वाजलं. शेजारचं कुणी फराळाचं ताट घेऊन आलं असेल म्हणून मी बाहेर गेले. ओट्यावर पन्नाशी उलटलेला एक माणूस उभा होता. पांढरा शर्ट, पायांत साध्या चपला, हातात कापडदुकानाची प्लास्टिकची पिशवी. त्यानं दारावरची पाटी वाचली आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"अश्लेषा खैरनार कोण?"

"मीच."

"तुम्ही?" त्यानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "मला वाटलं वयानं मोठ्या असाल."

बसा म्हणायच्या आत तो ओट्यावर बसला. पिशवीतून त्यानं एक खोकं काढून माझ्यासमोर ठेवलं. खोक्यावर आमच्या कंपनीची निळी पट्टी चिकटवलेली होती.

"ही परत घ्या."

त्या दिवसांत सटाण्याला आले की आत्या, मामी, शेजारीपाजारी असेच कुणी ना कुणी विचारत असत. साडीचा रंग वेगळा आला, चपलेचा नंबर चुकला. त्यामुळे माझं उत्तर तयारच असे.

"काका, ॲपवर परतीचं बटण असतं बघा. ते दाबलं की माणूस येऊन घेऊन जातो."

"काका म्हणू नका," तो म्हणाला. "ॲप माझ्या बायकोच्या मोबाइलवर आहे. ती गेली."

मी त्याचं नाव विचारलं.

त्याचं नाव भालचंद्र सोनजे. देवळ्याच्या बाजारपेठेत त्याचं कापडाचं दुकान होतं. सटाण्याहून देवळा जवळच, पण आमची कधी ओळख नव्हती. त्याची बायको प्रमिला. तिची कंबर दुखायची म्हणून तिनं आमच्या साइटवरून विजेवर तापणारी गरम पाण्याची पिशवी मागवली होती. वायर लावायची, पाणी तापलं की लाल दिवा विझतो, मग वायर काढून पिशवी शेकायला घ्यायची.

"मेडिकलमधून आणतो म्हणालो होतो मी," सोनजे म्हणाला. "ती म्हणाली, घरबसल्या येतंय तर कशाला जाता. दिवा विझलाच नाही. वायर काढायला तिनं हात घातला आणि पिशवी फुटली. पोटावर, मांड्यांवर सगळं उकळतं पाणी. तिला साखर होती. आधी मालेगाव, मग नाशिक. जखमा भरल्याच नाहीत."

आवाज चढलेला नव्हता. दुकानदार गिऱ्हाइकाला कापडाचा पन्हा सांगतो तसा तो सांगत होता. एवढ्यात नाना बाहेर आले. त्यांच्या कपाळावर ओलं कुंकू आणि वर अक्षता होत्या. सोनजेनं त्या कुंकवाकडे पाहिलं, जरा वेळ पाहतच राहिला, आणि मग मान वळवून पिशवीतून कागद काढले.

"ही पत्रं तुमची ना?"

ईमेलच्या छापील प्रती होत्या. त्यानं पहिली माझ्या हातात दिली. प्रिय प्रमिलाजी, तुम्हाला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. दुसरी दिली. प्रिय प्रमिलाजी, तुमची तक्रार सोडवताना आम्हाला आनंद होत आहे, तुम्हाला बदली वस्तू पाठवण्यात आली आहे. त्याच्याखाली पाच चांदण्या होत्या आणि आमची सेवा कशी वाटली, असा प्रश्न. प्रत्येक कागदाच्या तळाशी तेच दोन शब्द होते. अश्लेषा खैरनार. आणि खाली, तक्रार निवारण अधिकारी.

"बदली वस्तू म्हणजे हे खोकं," सोनजे म्हणाला. "तेराव्याला आलं. पंगत बसली होती. दारात पोरगा येऊन विचारतो, प्रमिला सोनजे कोण, ओटीपी सांगा."

आई दारातच उभी होती. ती आत निघून गेली.

"ही मी लिहिलेली नाहीत," मी म्हणाले.

"खाली नाव कुणाचं?"

"नाव माझं आहे, पण उत्तरं सिस्टीम पाठवते. आपोआप जातात ती. मी ती पाहिलेलीसुद्धा नाहीत."

"म्हणजे तुम्ही न बघता सह्या करता."

"सह्या नाहीत त्या—"

"मग काय आहे?"

नानांना आता राहवेना. ते एसटीत वाहतूक नियंत्रक होते. चिडलेल्या माणसांना खिडकीशी तोंड देण्यात त्यांची हयात गेली होती. ते म्हणाले, "शेठ, तुमचं दुःख मोठं आहे. पण सणाच्या दिवशी कुणाच्या घरी येऊन असं बसायचं ही काय पद्धत झाली? माझी मुलगी तिथं नोकर आहे. मालकाला जाऊन भेटा."

"गेलो होतो," सोनजे म्हणाला. "बाणेरला, यांच्या इमारतीत. वॉचमन म्हणाला, कुणाला भेटायचं ते नाव सांगा. मला एकच नाव माहीत. मी यांचं सांगितलं. त्यानं वर फोन लावला. वरून उत्तर आलं, या नावाचं इथं कुणी बसत नाही."

नाना माझ्याकडे बघू लागले. मी तिथंच बसत होते. पाचव्या मजल्यावर, खिडकीजवळ, रोज.

माझी नोकरी काय होती ते इथं सांगायला हवं. कायद्याची पदवी घेऊन मी त्या कंपनीच्या विधी विभागात सगळ्यात खालच्या जागेवर लागले होते. ऑनलाइन विक्रीचे नवे नियम आले होते. प्रत्येक कंपनीनं तक्रार ऐकणारा अधिकारी नेमावा आणि त्याचं नाव साइटवर सगळ्यांना दिसेल असं लावावं, असं त्यांत होतं. आमचे विभागप्रमुख पराग देवस्थळी मला म्हणाले होते, "तुझं नाव टाकतोय. काम काही वाढणार नाही, मेल सिस्टीम बघते." मी नानांना फोन करून सांगितलं की मी अधिकारी झाले. नानांनी पेढे वाटले आणि समाजाच्या मासिकात फोटो छापून आणला. सोनजेला आमचं घर त्याच फोटोखालच्या गावाच्या नावावरून सापडलं होतं.

"तुम्हाला काय हवंय?" मी त्याला विचारलं.

"विकणाऱ्याचं नाव. साइटवर नुसतं श्रीयोग ट्रेडर्स आहे. भिवंडीचा पत्ता आहे, तिथं जाऊन आलो, बंद गोडाऊन. खरा माणूस कोण ते सांगा. माझे वकील कापडणीस म्हणतात, गिऱ्हाइकानं लेखी मागितलं तर कंपनीला ते द्यावंच लागतं. मी लेखी मागितलं. तुम्ही काय उत्तर दिलं, वाचा."

त्यानं शेवटचा कागद पुढे केला. प्रिय प्रमिलाजी, विक्रेत्याची माहिती गोपनीय असल्याने देता येणार नाही. तुमचा दिवस आनंदात जावो.

नियम सोनजेचा वकील सांगत होता तसाच होता. मी तो कॉलेजात नव्हे, याच नोकरीत वाचला होता. नियमांचं टिपण तयार करायचं काम माझ्याकडेच होतं.

मी आत जाऊन देवस्थळींना फोन लावला. मागं फटाक्यांचा आवाज येत होता.

"सणाला कशाला काम काढतेस?" ते म्हणाले.

मी सगळं सांगितलं. बाई गेली, हेही सांगितलं.

"वाईट झालं," ते म्हणाले. "पण तू त्याच्याशी काही बोलू नकोस. एक शब्दही नाही. तो तुझं बोलणं रेकॉर्ड करत असेल."

"सर, विक्रेत्याची माहिती त्याला द्यायला हवी. नियमातच आहे."

"ते देता येणार नाही."

"का?"

"सुट्टी संपल्यावर बोलू."

मी बाहेर आले. आईनं त्याच्यासमोर चहा ठेवला होता, त्यावर साय धरली होती. ओट्याखाली शेजारची दोन माणसं कठड्याला टेकून उभी होती.

"मला थोडा वेळ द्या," मी म्हणाले. "मी स्वतः बघते."

"बघा," सोनजे उठला. "आणि मग अजून एक पत्र पाठवा. प्रिय प्रमिलाजी म्हणून."

खोकं तिथंच ठेवून तो फाटकाबाहेर गेला. ते उचलायला कुणी पुढं होईना. शेवटी नानांनी ते पायानं कोपऱ्यात सरकवलं. त्यांनी कधी कुठल्याही वस्तूला पाय लावलेला मी पाहिला नव्हता.

"असं कसलं काम करतेस तू," ते म्हणाले, "की लोक बायको मेल्याचा जाब विचारायला आमच्या दारात येतात?"

पुण्याला परतल्यावर मी आधी संगणक विभागात गेले. साइटवर माझ्या नावाखाली जो ईमेलचा पत्ता दिलेला होता, त्याचा पासवर्ड मागितला. तिथल्या मुलानं पडद्यावर पाहिलं आणि म्हणाला, "तुम्हाला परवानगी नाही."

"माझ्याच नावाचा पत्ता आहे तो."

"हो, पण यादीत तुम्ही नाही आहात. देवस्थळी सरांना विचारा."

विचारायच्या आधी मी जुन्या करारांच्या फायली पाहिल्या, कारण त्या बघायची मला परवानगी होती. श्रीयोग ट्रेडर्सचं मुख्य कार्यालय बाणेरलाच होतं. इमारतीचं नाव वाचलं तेव्हा वाटलं, टाइप करणाऱ्यानं चुकून आमचाच पत्ता घातला असावा. फक्त मजला वेगळा होता. तिसरा.

मी जिन्यानं खाली गेले. तिसऱ्या मजल्यावर एका पतपेढीची कचेरी होती, दातांचा दवाखाना होता, आणि टोकाला एक बंद काचेचं दार. दारावर चिकटवलेला छोटा कागद. श्रीयोग ट्रेडर्स. मी काचेतून आत डोकावत होते तेवढ्यात दार उघडलं आणि आमच्याच हिशेब विभागातल्या मोघे बाई हातात डबा घेऊन बाहेर आल्या.

"अगं, तू इथं कशी?" त्या म्हणाल्या. "मी दुपारनंतर इथंच असते. वर गार फार लागतं."

सोनजे याच इमारतीच्या दारातून परत गेला होता. विकणारा त्याच्या डोक्यावर तीन मजले होता.

देवस्थळींनी मला केबिनमध्ये बोलावलं तेव्हा मी कुठं जाऊन आले ते त्यांना कळलेलं होतं. त्यांनी दार लावून घेतलं.

"बस," ते म्हणाले. "तू हुशार आहेस, म्हणून सरळ सांगतो. आपल्यात परदेशी पैसा आहे. अशा कंपनीला कायदा काय म्हणतो? बाजार भरवा, दुसऱ्यांना मांडू द्या, स्वतः माल विकू नका. पण नुसत्या बाजारात कुणाचं पोट भरत नाही. म्हणून श्रीयोग. संचालकांच्या सासऱ्यांच्या नावावर आहे."

"म्हणजे ती पिशवी आपणच विकली."

"श्रीयोगनं विकली. आपण मध्यस्थ."

"ती अजून साइटवर आहे. मी आज पाहिली."

"काढू. योग्य वेळी काढू. आत्ता काढली तर चूक मान्य केल्यासारखं होतं."

"सोनजेंना श्रीयोगचा पत्ता द्यायला हवा, सर."

"त्याला पत्ता दिला की तो त्याच्या वकिलाला देणार, वकील ग्राहक आयोगात देणार, आणि आयोगातला कुणीही माणूस दोन ओळी वाचून सांगेल की हे दोघं एकाच घरात राहतात." ते माझ्याकडे झुकले. "हे बघ, त्या माणसाची बायको परत आणणं काही आपल्या हातात नाही. तुझी बढती आहे समोर. तू शांत बसायचंस, एवढंच."

"अधिकारी मी आहे ना?"

ते हसले. चेष्टेनं नव्हे, त्यांना खरंच हसू आलं.

"अगं, अधिकारी वगैरे काही नाही. कायद्याला एक नाव हवं होतं, आपण एक दिलं. साधं, सरळ, कुणाला माहीत नसलेलं. उद्या तू गेलीस तर दुसऱ्या कुणाचं टाकू."

त्या वाक्यानं मला राग आला, की सोनजेच्या त्या खोक्यानं आला होता आणि तोवर दाबून ठेवला होता, मला आजही सांगता येत नाही. त्या दुपारी मी अर्धी रजा टाकली. स्टेशनरीच्या दुकानातून साधे रेघांचे कागद घेतले. ईमेल माझ्या ताब्यात नव्हता, म्हणून हातानं लिहिलं. श्री. भालचंद्र सोनजे यांस. तुम्ही लेखी मागितल्यावरून नियमानुसार विक्रेत्याची माहिती कळवीत आहे. पुढं श्रीयोगचा पूर्ण पत्ता, मजल्यासकट, फोन आणि कुणाच्या नावावर आहे ते. खाली सही. सहीखाली माझं पद. प्रिय लिहिलं नाही, दिलगिरीही लिहिली नाही. स्पीड पोस्टानं ते देवळ्याला पाठवलं.

त्यानंतर जे व्हायचं ते झालं. कापडणीस वकिलांनी आयोगात ते पत्र जोडलं, त्याची प्रत कंपनीला मिळाली आणि त्याच दिवशी मला टेबल रिकामं करायला सांगितलं. देवस्थळी लिफ्टपर्यंत सोबत आले.

"तुला वाटतंय तू फार मोठं काम केलंस," ते म्हणाले. "पुण्यात तुला कुणी दारात उभं करणार नाही, याची सोय मी करीन."

त्यांनी ती केली. गोपनीय माहिती फोडल्याची नोटीस आली, तीही सटाण्याच्या पत्त्यावर. ती नानांच्या हातात पडली. मी घरी गेले तेव्हा ते ओट्यावर बसले होते.

"त्यानं मागितलं, तू दिलंस," ते म्हणाले. "पण त्याच्या पदरात काय पडणार आणि आपल्या काय, हा विचार केला होतास?"

"नाही केला."

"पेढे वाटले होते मी," नाना म्हणाले आणि उठून आत गेले. बरेच दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलत होते.

प्रकरण नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात चाललं. मला साक्षीला बोलावलं होतं. सोनजे पुढच्या बाकावर बसला होता. मी आत आले तेव्हा त्यानं वळून पाहिलं आणि पुन्हा समोर पाहिलं. कंपनीचे वकील मुंबईचे होते, उंच, मृदू आवाजाचे. त्यांचं म्हणणं साधं होतं. कंपनी केवळ मध्यस्थ आहे, मालाशी तिचा संबंध नाही. आणि हे हातानं लिहिलेलं पत्र कंपनीचं नाहीच.

"सदर महिला कनिष्ठ कर्मचारी होती," ते म्हणाले. "तिला कंपनीच्या वतीनं लिहायचा कोणताही अधिकार नव्हता. नोकरीवरून काढल्याचा राग मनात धरून ती बोलते आहे."

"पत्र आधीचं आहे, काढलं नंतर," अध्यक्ष म्हणाले. ते वयस्क गृहस्थ होते, चष्मा कपाळावर चढवून कागद डोळ्यांजवळ धरून वाचत होते. "बरं, यांना अधिकार नव्हता म्हणता. मग तक्रार निवारण अधिकारी कोण होतं?"

वकिलांनी मागं बसलेल्या देवस्थळींकडे पाहिलं. देवस्थळी कागद चाळू लागले.

कापडणीस उभे राहिले. बुटके, जाड भिंगांचे, सटाणा-कळवणकडच्या माणसासारखे सावकाश बोलणारे. त्यांनी आधी त्या काळातल्या साइटच्या पानाची प्रत दिली. मग खिशातून मोबाइल काढला, काही दाबलं आणि तो शिपायाकरवी वर पाठवला.

"साहेब, हे आजचं पान आहे. आत्ताचं. काढून टाकलेल्या बाईंचं नाव अजून तिथं अधिकारी म्हणून आहे."

मला ते माहीत नव्हतं. देवस्थळींच्या चेहऱ्यावरून वाटलं, त्यांनाही नव्हतं. नाव बदलायचं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं, कारण ते नाव कुणी कधी वाचतच नव्हतं.

अध्यक्षांनी मोबाइल बराच वेळ न्याहाळला, बाजूच्या सदस्य बाईंना दाखवला आणि कंपनीच्या वकिलांना म्हणाले, "गिऱ्हाइकानं कुणावर विश्वास ठेवायचा हे तुम्हीच लिहून ठेवलंय. हे नाव तुम्ही दिलंत. या नावानं जे पत्र जाईल ते तुमचंच पत्र. नंतर ते आमचं नाही म्हणता येणार नाही."

तिथून सगळं उलगडत गेलं. एकच इमारत, एकच हिशेबनीस, सासऱ्यांची सही. मध्यस्थ असल्याचं म्हणणं टिकलं नाही. काही महिन्यांनी निकाल लागला तो सोनजेच्या बाजूनं. कंपनी आणि श्रीयोग दोघांनाही प्रमिला सोनजेंच्या मृत्यूला जबाबदार धरलं. ती पिशवी घेतलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला कळवून परत घ्या, असा हुकूम झाला. श्रीयोगचं प्रकरण परदेशी पैशाच्या नियमांवरून पुढं दिल्लीपर्यंत गेलं. आमची ती कंपनी आता दुसऱ्या एका कंपनीत विरून गेली आहे, म्हणून मी तिचं नाव घेत नाही.

निकालाच्या दिवशी मी नाशिकला गेले होते. मला जायची गरज नव्हती. कुणी बोलावलंही नव्हतं. सोनजे बाहेरच्या व्हरांड्यात कापडणिसांबरोबर उभा होता. मी जवळ गेले. काय म्हणणार होते ते माझं ठरलेलं नव्हतं, पण त्यानं काहीतरी म्हणावं असं मला वाटत होतं, हे खरं.

"चांगलं झालं," मी म्हणाले.

सोनजे निकालाचे कागद पिशवीत भरत राहिला.

"शेठ, या बाईंनी पत्र दिलं नसतं तर आपण अजून भिवंडीच्या गोडाऊनसमोर उभे असतो," कापडणीस म्हणाले. "नोकरी गेली त्यांची."

"माहीत आहे मला."

"मग?"

सोनजेनं माझ्याकडे पाहिलं. पाडव्याच्या दिवशी पाहिलं होतं तसंच, खालपासून वरपर्यंत.

"साहेब त्या दिवशी काय म्हणाले ते ऐकलंत ना तुम्ही?" तो मला म्हणाला. "या नावानं जाईल ते पत्र त्या नावाचंच. नंतर आमचं नाही म्हणता येणार नाही."

"हो."

"त्यावरच मी जिंकलो. मग शेवटचं पत्र तुमचं असेल तर आधीची सगळीही तुमचीच. तेराव्याला आलेलं खोकंसुद्धा. तुम्ही माझ्या ओट्यावर येऊन ते नाही माझं म्हणालात तर मी ऐकून घेणार नाही."

"मी तसं म्हणायला आले नाही."

"मग कशाला आलात?"

कापडणीस घसा खाकरून म्हणाले, "चला शेठ, गाडी चुकेल." दोघं जिना उतरून गेले.

मला सटाण्याला जायचं होतं. नाशिकहून सटाण्याची गाडी देवळ्यावरून जाते. ठक्कर बाजारच्या स्टँडवर मी चढले तेव्हा गाडी भरली होती. मधल्या एका बाकावर खिडकीशी सोनजे बसला होता. कापडणीस नाशिकलाच थांबले असावेत. त्याच्या शेजारची जागा तेवढी रिकामी होती आणि तिच्यावर त्याची कागदांची पिशवी ठेवलेली होती.

मी त्याच्या बाकाजवळ दांडी धरून उभी राहिले. त्यानं मला पाहिलं. पिशवी उचलली नाही. मीही मागितली नाही. चांदवडला कंडक्टर म्हणाला, "ताई, जागा आहे की तिथं, बसा ना." सोनजे खिडकीबाहेर पाहत राहिला. मी म्हणाले, "असू द्या."

देवळा आलं तेव्हा तो उठला. मी वाट द्यायला अंग चोरून घेतलं. माझ्या अंगावरून जाताना तो क्षणभर थांबला. वाटलं, बोलेल. पण पुढच्या माणसानं भाजीची पाटी वाटेत ठेवली होती, ती उचलेपर्यंतच तो थांबला होता. मग तो उतरला आणि बाजारपेठेकडे चालू लागला.

जागा रिकामी होती. सटाणा येईपर्यंत मी उभीच राहिले.